रुग्णशय्येजवळील अध्यापक : त्याच्या प्रशिक्षणाचा इतिहास

'डॉक्टर' या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतील 'दोकेरे' या क्रियापदात असून त्याचा अर्थ 'शिकविणे' असा आहे. 'क्लिनिक' हा शब्द ग्रीक 'क्लिने' म्हणजे शय्या या शब्दापासून सिद्ध झाला. व्युत्पत्तीच्या साक्षीने पाहिले तर रुग्णाच्या शय्येजवळ उभा राहून शिकविणारा तो डॉक्टर, असे समीकरण सहज मांडता येईल. परंतु शब्दाची व्युत्पत्ती आणि संस्थेचा इतिहास ही नेहमी हातात हात घालून चालत नाहीत. मध्ययुगीन युरोपातील विद्यापीठांत 'डॉक्टर' ही पदवी म्हणजे अध्यापनाचा परवाना होता. ज्याला विषय येतो त्याला तो शिकविताही येतो, हे त्या परवान्यामागील गृहीतक होय. पुढे पदवीचा अर्थ पालटला आणि 'डॉक्टर' म्हणजे चिकित्सक असा रूढ अर्थ लोकव्यवहारात स्थिरावला. गृहीतक मात्र जसेच्या तसे टिकून राहिले. ते कसे टिकले, कोणी त्यास प्रथम हरकत घेतली आणि त्या हरकतीतून आरोग्यव्यवसायातील अध्यापकांचे पदव्युत्तर प्रशिक्षण कसे उभे राहिले, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

शय्येजवळील अध्यापनाची परंपरा सामान्यतः इटलीतील पादुआ येथून सांगण्यात येते. सोळाव्या शतकाच्या मध्यास जोव्हान्नी बात्तिस्ता दा मोन्ते याने तेथील सान फ्रान्चेस्को रुग्णालयात विद्यार्थ्यांना रुग्ण दाखवून शिकविण्यास आरंभ केला. या पद्धतीला युरोपव्यापी कीर्ती मिळाली ती अठराव्या शतकात हॉलंडमधील लायडन येथे, हेर्मान बुर्हावे (१६६८-१७३८) याच्या अध्यापनामुळे. बुर्हावेच्या हाताशी शिकविण्यासाठी अवघ्या बारा खाटा होत्या : सहा पुरुषांच्या, सहा स्त्रियांच्या. या बारा खाटांभोवती उभे राहून शिकलेल्या शिष्यांनी ती पद्धती एडिंबरो आणि व्हिएन्ना येथे नेली. एडिंबरो येथे जॉन रदरफर्ड याने १७४८ साली रुग्णालयातील व्याख्याने सुरू केली. क्रांत्युत्तर पॅरिसमध्ये रुग्णालय हेच वैद्यकशाळेचे केंद्र बनले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम ऑस्लर याने विद्यार्थ्याला प्रेक्षकाच्या बाकावरून उठवून वॉर्डात आणले व त्याच्यावर रुग्णाच्या नोंदींची प्रत्यक्ष जबाबदारी सोपविली.

या परंपरेत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पादुआपासून बाल्टिमोरपर्यंत बदलत गेले ते शिकण्याचे स्थळ आणि विद्यार्थ्याचे स्थान. अध्यापक कसा घडावा हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. थोर गुरू निपजत होते. पण ते निपजणे हा दैवयोग समजला जात होता. १९१० साली अब्राहम फ्लेक्स्नर याचा अमेरिकेतील व कॅनडातील वैद्यकीय शिक्षणासंबंधीचा सुप्रसिद्ध अहवाल प्रसिद्ध झाला. फ्लेक्स्नर स्वतः वैद्य नव्हता. लुइव्हिल येथे शाळा चालविणारा तो शिक्षक होता. त्याच्या अहवालाने प्रयोगशाळा, विद्यापीठ आणि रुग्णालय यांची सांगड घालण्याचा आग्रह धरला. परंतु वैद्यकाच्या अध्यापकाने अध्यापनाचे स्वतंत्र शिक्षण घ्यावे, हा त्या सुधारणेचा गाभा नव्हता. विषयज्ञान आणि संशोधन यांचा पाया पक्का केला की अध्यापन आपोआप सुधारेल, असाच त्या काळाचा विश्वास होता.

मुंबई इलाख्यातील वैद्यकीय शिक्षणाचा इतिहास याच प्रवाहाशी जोडलेला आहे. १८२६ साली मुंबईत एतद्देशीयांसाठी सरकारी वैद्यकशाळा निघाली. तिचा प्रमुख जॉन मॅक्लेनन होता आणि तेथील शिक्षण देशभाषांतून चाले. ती १८३२ साली बंद पडली. त्यानंतर १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. त्याचा पहिला प्रमुख चार्ल्स मोरहेड हा एडिंबरोचा पदवीधर असून त्याने पॅरिसमध्येही अध्ययन केले होते. शेजारच्या जमशेटजी जिजीभाई रुग्णालयातील रुग्ण हेच त्याच्या अध्यापनाचे साधन होते. १८५६ साली प्रसिद्ध झालेला भारतातील रोगांविषयीचा त्याचा ग्रंथ त्याच रुग्णालयातील निरीक्षणांवर आधारलेला आहे. भाऊ दाजी लाड हे या कॉलेजातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांपैकी होत. म्हणजे लायडनच्या बारा खाटांची परंपरा एडिंबरोमार्गे भायखळ्यास येऊन पोचली होती.

तथापि मुंबईत या परंपरेपुढे एक असा प्रश्न उभा राहिला की जो एडिंबरोस या तीव्रतेने जाणवला नव्हता : अध्यापनाची भाषा इंग्रजी आणि रुग्णाची भाषा मराठी वा गुजराती. १८६१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजात देशी भाषांतील वर्ग उघडण्यात आले. पुढे १८७८ साली पुण्यास बैरामजी जिजीभाई वैद्यकशाळा स्थापन झाली. तिचेच १९४६ साली महाविद्यालय झाले. उच्च वैद्यकीय शिक्षणाची भाषा मात्र इंग्रजीच राहिली. १९२६ साली परळ येथे सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज व राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील अध्यापकवर्ग भारतीयच असावा, अशी देणगीदारांची अट होती. अध्यापक कोणत्या देशाचा असावा हा त्या काळाचा ज्वलंत प्रश्न होता आणि तो रास्तही होता. अध्यापक अध्यापनकलेत शिक्षित असावा की नाही, हा प्रश्न त्या वादात उपस्थित होण्यास अजून अवकाश होता.

त्या गृहीतकास पहिली संघटित हरकत घेतली गेली ती वैद्यांकडून नव्हे, तर परिचारिकांकडून. न्यूयॉर्क येथील टीचर्स कॉलेज ही शाळामास्तरांना घडविणारी संस्था. तेथे १८९९ साली अनुभवी परिचारिकांसाठी 'रुग्णालयीन अर्थव्यवस्था' या नावाचा पाठ्यक्रम सुरू झाला. नाव व्यवस्थापनाचे असले तरी परिचर्याशाळांच्या प्रमुख आणि अध्यापिका तयार करणे हा त्याचा हेतू होता. १९०७ साली ॲडलेड नटिंग यांची तेथे प्राध्यापकपदी नेमणूक झाली. विद्यापीठात परिचर्येचे प्राध्यापकपद भूषविणाऱ्या त्या पहिल्याच होत.

परिचारिकांना ही गरज वैद्यांच्या अर्धशतक आधी का जाणवावी? याची कारणमीमांसा कठीण नाही. परिचर्याशाळा रुग्णालयाच्या मालकीच्या असत आणि विद्यार्थिनी ही स्वस्त मनुष्यबळाची तरतूद मानली जाई. शिकणे आणि राबणे यांतील सीमारेषा आखावयाची, तर शिक्षण म्हणजे काय याची स्पष्ट व्याख्या हाती असणे आवश्यक होते. वैद्याला ती निकड नव्हती. त्याची प्रतिष्ठा हेच त्याच्या अध्यापनाचे प्रमाणपत्र होते. ज्याचे स्थान निर्विवाद असते त्याला आपल्या पद्धतीचे समर्थन करावे लागत नाही. ज्याला स्थान मिळवावयाचे असते त्याला ते करावेच लागते. भारतातही हाच क्रम थोड्याफार फरकाने दिसतो. दिल्ली आणि वेल्लोर येथे १९४६ साली परिचर्येचे पदवी शिक्षण सुरू झाले व दिल्लीच्या महाविद्यालयात १९५९ साली पदव्युत्तर पदवीचा पाठ्यक्रम निघाला. भावी अध्यापिकांची तयारी हे परिचर्येतील उच्च शिक्षणाचे एक प्रमुख प्रयोजन राहिले.

वैद्यकात या विचाराचा प्रवेश झाला तो १९५५ च्या सुमारास, अमेरिकेतील बफलो विद्यापीठात. तेथील एक चिकित्सक जॉर्ज मिलर आणि शिक्षणशास्त्राचे अध्यापक स्टीफन अब्राहम्सन यांनी वैद्यकशाळा आणि शिक्षणशास्त्र विभाग यांना एकत्र आणणारा प्रकल्प हाती घेतला. त्यामागील युक्तिवाद साधा परंतु अडचणीत टाकणारा होता. जे वैद्य औषधाच्या गुणाविषयी पुराव्यावाचून एक अक्षर मान्य करीत नाहीत, ते आपल्या अध्यापनाच्या गुणाविषयी कोणताही पुरावा का मागत नाहीत? विद्यार्थी ऐकतो म्हणजे शिकतो काय? परीक्षेत जे मोजले जाते तेच वॉर्डात उपयोगी पडते काय? १९५९ साली मिलर शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठात गेले. तेथे वैद्यकीय शिक्षणाच्या संशोधनासाठी त्यांनी उभारलेला विभाग पुढे जगभरच्या अध्यापकांचे शिक्षणकेंद्र बनला. वैद्यकशाळेतील अध्यापन व अध्ययन यांविषयीचा त्यांचा व सहकाऱ्यांचा ग्रंथ १९६१ साली प्रसिद्ध झाला.

१९७० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने ही चळवळ आंतरराष्ट्रीय पातळीवर नेली. शिकागोस प्रशिक्षण घेतलेल्यांनी प्रादेशिक केंद्रे चालवावी, प्रादेशिक केंद्रांनी राष्ट्रीय केंद्रांसाठी माणसे तयार करावी आणि राष्ट्रीय केंद्रांनी महाविद्यालयांतील अध्यापकांपर्यंत पोचावे, अशी ती उतरंडीची योजना होती. आग्नेय आशियासाठी श्रीलंकेतील पेरादेनिया आणि थायलंडमधील चुलालाँगकॉर्न विद्यापीठ येथे अशी केंद्रे होती. भारतात पाँडिचेरी येथील जवाहरलाल संस्थेत त्याच दशकाच्या मध्यास राष्ट्रीय अध्यापक प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले व नंतर इतर काही संस्थांतही तशी केंद्रे निघाली. वास्तविक १९५६ साली स्थापन झालेल्या दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या कायदेशीर उद्दिष्टांतच वैद्यकीय अध्यापनाचे आदर्श नमुने विकसित करण्याचा समावेश होता. परंतु उद्दिष्ट लिहिणे वेगळे आणि त्यासाठी माणूस तयार करणे वेगळे.

यानंतरचा भारतीय इतिहास हा मुख्यतः नियमांचा इतिहास आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या १९९७ च्या नियमांत महाविद्यालयांमध्ये वैद्यकीय शिक्षण विभाग असावेत, असे म्हटले गेले. २००९ पासून प्रादेशिक केंद्रांच्या द्वारे अध्यापकांच्या प्रशिक्षणाची साखळी उभी राहिली आणि पुढे प्राथमिक पाठ्यक्रमाला प्रगत पाठ्यक्रमाची जोड मिळाली. २०१९ साली क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाल्यावर हे प्रशिक्षण टाळता न येणारे झाले. २०२० साली परिषदेची जागा राष्ट्रीय वैद्यक आयोगाने घेतली आणि २०२२ च्या अध्यापक-पात्रता नियमांत या प्राथमिक पाठ्यक्रमाचा समावेश झाला. याच काळात एक वेगळा प्रवाहही वाहत होता. फिलाडेल्फिया येथील 'फेमर' या प्रतिष्ठानाच्या सहकार्याने परळच्या सेठ गोर्धनदास कॉलेजात २००५ साली प्रादेशिक संस्था सुरू झाली. तिच्या पाठोपाठ लुधियाना व कोईमतूर येथे तशाच संस्था निघाल्या. येथील अधिछात्रवृत्ती दोन वर्षांची असून प्रत्येक अधिछात्राने आपल्या संस्थेत शैक्षणिक सुधारणेचा एक प्रकल्प पार पाडावयाचा असतो.

या दोन प्रवाहांची तुलना केली असता मूळ वादाचा मुद्दा स्पष्ट होतो. तीन दिवसांच्या कार्यशाळेत उद्दिष्टे कशी लिहावी, प्रश्नपत्रिका कशी काढावी, पाठ कसा आखावा हे सांगता येते. पण ही सारी वर्गखोलीची शास्त्रे आहेत. रुग्णशय्येजवळचे अध्यापन वर्गातील अध्यापनाहून स्वभावतः भिन्न आहे. तेथे पाठ अध्यापकाने निवडलेला नसतो, रुग्णाच्या व्याधीने निवडलेला असतो. वेळ थोडा असतो. आणि श्रोत्यांमध्ये एक असा असतो की जो शिकण्यासाठी आलेला नसून बरा होण्यासाठी आलेला असतो. १९९२ साली अमेरिकेतील काही कौटुंबिक वैद्यांनी अशा प्रसंगासाठी पाच पायऱ्यांची एक पद्धत मांडली. विद्यार्थ्याला प्रथम स्वतःचे निदान निश्चयाने बोलावयास लावावे. त्यामागील आधार विचारावा. मग एखादा सामान्य नियम सांगावा. जे बरोबर केले ते नेमके दाखवून द्यावे. आणि चुकले ते सुधारावे. या पायऱ्या पाच ओळींत सांगता येतात, परंतु त्या अंगवळणी पडण्यास कोणीतरी शिकविणाऱ्याचे शिकविणे पाहावे लागते आणि त्याविषयी त्याच्याशी बोलावे लागते. शस्त्रक्रिया जशी व्याख्यानाने येत नाही, तसेच हेही येत नाही.

महाराष्ट्रातील रुग्णालयांत या अध्यापनाला भाषेचे जे परिमाण आहे, ते परदेशी पाठ्यक्रमात सापडणार नाही. रुग्ण 'चक्कर येते' असे म्हणतो. त्याच्या मनात भोवतालचे फिरणे असेल, डोळ्यांपुढे अंधारी येणे असेल, तोल जाणे असेल किंवा नुसता थकवा असेल. विद्यार्थी त्या शब्दाचे एका इंग्रजी संज्ञेत भाषांतर करतो आणि त्याच क्षणी निदानाची एक वाट धरतो व बाकीच्या वाटा बंद करतो. 'अंगात कसकस आहे' म्हणजे ताप आहेच असे नव्हे. 'छातीत भरून येते' म्हणजे हृदयविकार आहेच असेही नव्हे. कुशल अध्यापक येथे विद्यार्थ्याला थांबवितो आणि रुग्णाकडे परत पाठवितो : पुन्हा विचार, त्याच्याच शब्दांत विचार. दुसरा अध्यापक ते भाषांतर तसेच स्वीकारून त्या इंग्रजी संज्ञेवर उत्तम व्याख्यान देतो. दोघांचे विषयज्ञान सारखेच असू शकेल. फरक आहे तो अध्यापनदृष्टीचा. शिवाय आपल्या देहाविषयी परक्या भाषेत चाललेली चर्चा खाटेवर पडून ऐकणाऱ्या रुग्णाला त्या चर्चेचा आशय दोन वाक्यांत त्याच्या भाषेत सांगावयाचा की नाही, हे विद्यार्थी कोणत्याही पुस्तकातून शिकत नाही. आपले अध्यापक काय करतात ते पाहूनच तो शिकतो.

यावरून हे दिसून येईल की आरोग्यव्यवसायातील अध्यापकाचे पदव्युत्तर प्रशिक्षण हा केवळ सेवानियमांचा वा पदोन्नतीचा प्रश्न नाही. नियमाने प्रशिक्षण सार्वत्रिक झाले, हे मान्य केले पाहिजे. त्यावाचून ते मूठभर उत्साही अध्यापकांपुरतेच राहिले असते. परंतु सार्वत्रिक झालेली गोष्ट उथळ होण्याचा धोकाही तितकाच खरा आहे. परिचारिकांनी १८९९ साली जो मार्ग निवडला तो दीर्घ अभ्यासाचा होता आणि तो शिक्षणशास्त्राच्या घरी जाऊन केलेला होता. बफलोच्या प्रयोगाचे बळही वैद्यकशाळेने शेजारच्या विभागाचे दार ठोठावले यातच होते. भारतीय विद्यापीठांत वैद्यक, परिचर्या, शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र आणि भाषाविज्ञान यांचे विभाग बहुधा वेगवेगळ्या आवारांत, अनेकदा वेगवेगळ्या विद्यापीठांतही विभागले गेले आहेत. महाराष्ट्रात १९९८ साली नाशिक येथे आरोग्य विज्ञानांचे स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले. त्यामुळे या शाखांचे प्रशासन एकसूत्री झाले, पण मानव्यविद्यांपासून त्यांचे अंतरही वाढले. ते अंतर ओलांडणारे अभ्यासक्रम आखणे हे दोन्ही बाजूंच्या विभागांचे काम आहे. वॉर्डातील चुकीच्या अध्यापनाची किंमत विद्यार्थी परीक्षेत मोजतो असे मानण्याची प्रथा आहे. प्रत्यक्षात ती मोजतो तो खाटेवरचा रुग्ण, आणि पुष्कळदा कित्येक वर्षांनी, दुसऱ्याच गावी.