फंक शैलीतील बास गिटार: समेचे भान आणि मधल्या शांततेचा रियाज

वाद्यमेळात सर्वांत कमी दिसणारे आणि नसल्यास सर्वांत आधी जाणवणारे वाद्य म्हणजे बास गिटार. तियात्रातील कांतारांची साथ असो, फेस्ताच्या रात्रीचे नृत्य असो वा लग्नसमारंभातील बँड, गायकाच्या पायाखालची जमीन हेच वाद्य तयार करते. अलीकडे मात्र अनेक ठिकाणी ही जागा कीबोर्डवादकाच्या डाव्या हाताने किंवा आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या ट्रॅकने घेतली आहे. खर्च वाचतो हे खरे. पण ट्रॅक गायकाची वाट पाहत नाही, नाचणाऱ्यांचा उत्साह पाहून लय राखत नाही, चुकलेल्याला सांभाळूनही घेत नाही. हे सारे करू शकणारा वादक घडायचा असेल, तर त्याने कधीतरी फंक शैलीतील बास शिकलाच पाहिजे. ही शैली नेमकी काय आहे, ती कोठून आली आणि घरी रियाज करणाऱ्याने सुरुवात कशी करावी, याची ही ओळख.

वाद्याची ओळख

नेहमीच्या बास गिटारला चार तारा असतात. जाड तारेपासून बारीक तारेकडे त्या अनुक्रमे ई, ए, डी आणि जी या स्वरांत लावतात. सर्वांत जाड तारेचे कंपन सेकंदाला सुमारे ४१ असते, तर सर्वांत बारीक तारेचे ९८. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून इतका खर्जाचा आवाज जवळजवळ उमटतच नाही. म्हणून बास ऐकून शिकणाऱ्याने चांगला हेडफोन वापरावा. अन्यथा जे शिकायचे तेच कानांवर पडत नाही.

पूर्वी हे काम उभा धरून वाजवायचा डबल बास करीत असे. १९५१ मध्ये अमेरिकेतील लिओ फेंडर यांच्या कंपनीने ‘प्रिसिजन बास’ बाजारात आणला. दांडीवर पडदे, म्हणजे फ्रेट, बसवल्यामुळे स्वर अचूक लागणे सोपे झाले. ‘प्रिसिजन’ या नावाचा उगम तेथेच आहे. विजेमुळे आवाज मोठा झाला आणि वाद्य गळ्यात अडकवून फिरता येऊ लागले. पुढील दोन दशकांत लोकसंगीताचा सारा नाद त्यामुळे बदलला.

फंक म्हणजे काय?

फंक ही आफ्रिकी-अमेरिकी समाजात १९६०च्या दशकाच्या मध्यास आकारास आलेली नृत्यप्रधान शैली. तिचा पाया गायक जेम्स ब्राऊन यांच्या वाद्यवृंदाने घातला. १९६५चे ‘पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग’ आणि १९६७चे ‘कोल्ड स्वेट’ ही तिची सुरुवातीची ठळक उदाहरणे. ब्राऊन यांचा आग्रह एकच असे: चार ठोक्यांतील पहिला ठोका सर्वांनी मिळून ठामपणे द्यायचा. मराठी रसिकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. ती सम आहे. गवई कितीही दूर भटकला तरी समेवर येतो आणि श्रोत्याची मान हलते. फंकमध्ये तोच अनुभव दर चार ठोक्यांनी मिळतो.

समेनंतरचा प्रत्येक ठोका चार समान भागांत विभागला जातो. चार ठोक्यांचे सोळा भाग होतात, म्हणून तीनतालाच्या १६ मात्रा आठवतात. येथे मात्र टाळी-खालीची रचना नाही आणि आवर्तन फार लहान आहे: मिनिटाला १०० ठोक्यांच्या लयीत संपूर्ण आवर्तन अवघ्या २.४ सेकंदांत संपते. या सोळा घरांपैकी कोणती भरायची आणि कोणती रिकामी ठेवायची, यावर सारी गंमत अवलंबून आहे. नवशिका सगळी घरे भरतो आणि वाजवणे कवायतीसारखे होते. जाणकार सहा-सात घरे भरतो आणि उरलेली ड्रमसाठी मोकळी सोडतो.

काही मानकरी

डेट्रॉइट येथील मोटाउन कंपनीच्या गाण्यांत बास वाजवणारे जेम्स जेमरसन उजव्या हाताची केवळ तर्जनी वापरत. त्यांच्या वादनात बास प्रथमच गाण्याशी संवाद करू लागला. तरीही मोटाउनच्या तबकड्यांवर वादकांची नावे छापण्याची प्रथा नव्हती; १९७१च्या मार्व्हिन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या अल्बमवर जेमरसन यांचा उल्लेख झाला, तोवर त्यांची असंख्य गाणी जगभर वाजून गेली होती.

लॅरी ग्रॅहम हे ‘स्लाय अँड द फॅमिली स्टोन’ या वाद्यवृंदाचे वादक. तरुणपणी आईच्या साथीला वाजवत असताना ड्रमवादक नसल्याने त्याची उणीव भरून काढण्यासाठी त्यांनी अंगठ्याने तारेवर ठोका मारण्यास आणि बोटाने तार ओढून सोडण्यास सुरुवात केली. अडचणीतून निघालेली ही युक्ती आज ‘स्लॅप’ या नावाने जगभर शिकवली जाते. बूट्सी कॉलिन्स यांनी ब्राऊन यांच्याकडून समेचा धडा घेतला. ‘शिक’ वाद्यवृंदाचे बर्नार्ड एडवर्ड्स यांची १९७९च्या ‘गुड टाइम्स’ मधील ओळ इतकी गाजली की त्याच वर्षीचे ‘रॅपर्स डिलाइट’ हे गाणे तिच्यावरच उभे राहिले.

गोवा आणि मुंबईचा धागा

गोव्यात पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण चर्चशी जोडलेल्या संगीतशाळांतून शतकानुशतके दिले गेले. स्वरलिपी पाहून गाणे, म्हणजे सॉल्फेज, आणि व्हायोलिन ही त्या शिक्षणाची दोन चाके होती. तेथे घडलेले वादक विसाव्या शतकात मुंबईच्या हॉटेलांतील जॅझ बँडमध्ये आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट ही त्यांतील ठळक नावे. चाल संगीतकाराची असली तरी तिचा वाद्यमेळ कागदावर उतरवण्याचे काम अनेकदा गोमंतकीय हातांनी केले. आणि जेमरसन यांच्याप्रमाणेच त्यांचीही नावे तबकडीवर क्वचितच आली.

१९७०च्या दशकात राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांची बास गिटार होती. त्या काळातील त्यांची गाणी हेडफोन लावून केवळ खालच्या स्वरांकडे लक्ष देत ऐकावीत. ओळखीच्या गाण्याच्या आत दुसरेच एक गाणे सापडते. १९८०च्या ‘कुर्बानी’ मधील बिड्डू यांनी स्वरबद्ध केलेल्या ‘आप जैसा कोई’ या गाण्याने डिस्कोचा ठेका घराघरांत पोहोचवला. डिस्कोतील बास हा फंकचाच धाकटा भाऊ. पुढे सिंथेसायझरने मोठे वाद्यवृंद मोडीत काढले आणि बासवादकाची खुर्चीही त्यांत गेली.

हात कसे ठेवावेत

उजव्या हाताचा अंगठा पिकअपवर टेकवून तर्जनी आणि मध्यमा यांनी आळीपाळीने तार छेडावी. बोट वर उचलून ओढू नये; तारेवरून सरकून ते मागच्या तारेवर विसावले पाहिजे. डाव्या हाताचा अंगठा दांडीच्या मागे मध्यावर असावा आणि मनगट फार वाकू नये. वाद्याचे वजन साधारण चार किलो असते, म्हणून पट्टा रुंद घ्यावा. मनगटात वा कोपरात वेदना सुरू झाल्यास रियाज तत्काळ थांबवावा. बोटाच्या टोकाची आग आणि सांध्यातील वेदना यांत फरक आहे: पहिली काही आठवड्यांत जाते, दुसरीकडे दुर्लक्ष केल्यास वाद्य सुटते.

फंकचे खरे मर्म मुक्या स्वरात आहे. डाव्या हाताची बोटे पडद्यावर न दाबता तारेवर नुसती टेकवायची आणि उजव्या हाताने तार छेडायची. स्वर न उमटता ‘ठक्’ असा आघात ऐकू येतो. येथे एकच बोट टेकवल्यास पाचव्या, सातव्या वा बाराव्या पडद्याजवळ घंटेसारखा नको असलेला स्वर निघतो. दोन किंवा तीन बोटे टेकवल्यास तो निघत नाही.

पहिली ओळ

खालील ओळ सरावासाठी आहे. ‘ए’ हा षड्ज मानावा. सर्वांत जाड तार चौथी, सर्वांत बारीक पहिली. लागणारे स्वर पाच जागी आहेत:

• सा: चौथी तार, पाचवा पडदा
• म: तिसरी तार, पाचवा पडदा
• प: तिसरी तार, सातवा पडदा
• कोमल नि: दुसरी तार, पाचवा पडदा
• तार सा: दुसरी तार, सातवा पडदा

यांत कोमल गंधार मिळवला की धानी रागाचे पाच स्वर पूर्ण होतात. पाश्चात्त्य पद्धतीत यालाच मायनर पेंटाटॉनिक म्हणतात. चौथ्या तारेचा आठवा पडदा हा त्या गंधाराची जागा.

आता प्रत्येक ठोक्याचे चार भाग ‘त-क-धि-मि’ असे तोंडाने म्हणावेत आणि ओळ अशी बसवावी:

• पहिला ठोका: ‘त’ वर सा, ‘क’ रिकामा, ‘धि’ वर मुका आघात, ‘मि’ वर सा
• दुसरा ठोका: ‘त’ रिकामा, ‘क’ वर मुका आघात, ‘धि’ वर तार सा, ‘मि’ रिकामा
• तिसरा ठोका: ‘त’ रिकामा, ‘क’ वर मुका आघात, ‘धि’ वर कोमल नि, ‘मि’ रिकामा
• चौथा ठोका: ‘त’ रिकामा, ‘क’ वर मुका आघात, ‘धि’ वर म, ‘मि’ वर प

आणि पुन्हा समेवर सा. दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याची सुरुवात मुद्दाम रिकामी ठेवली आहे, कारण तेथे ड्रमवादकाचा स्नेअर वाजतो. त्याची जागा त्याला दिली की दोन्ही वाद्ये एकाच माणसाने वाजवल्यासारखी ऐकू येतात. रिकाम्या घरी मागचा स्वर घुमत राहू देऊ नये. स्वर सुरू करण्याइतकेच तो वेळेवर थांबवणेही महत्त्वाचे आहे.

रियाजाची पद्धत

पहिले दोन दिवस वाद्य हातात न घेता बोल म्हणत पायाने ठोका धरावा. मग मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून वाजवावे. सलग पाच मिनिटे न चुकता आणि खांदे न आखडता वाजले, तरच लय चार ठोक्यांनी वाढवावी. ९० ते १०० या लयीत ओळ स्थिर झाली की ती नाचण्याजोगी होते. त्यानंतरची परीक्षा अवघड: मेट्रोनोम निम्म्या गतीवर आणून त्याचा आवाज केवळ दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर येतो असे मानावे. सम आता आपल्या मनातच धरावी लागते. रोजचा अर्धा तास हा रविवारच्या चार तासांपेक्षा अधिक फलदायी ठरतो.

स्लॅपची घाई करू नये. बोटांनी मुके स्वर स्वच्छ निघू लागण्यापूर्वी अंगठ्याचा ठोका शिकणाऱ्याचे वादन गोंगाटाच्या पलीकडे जात नाही. स्लॅप करताना अंगठा दांडीच्या शेवटच्या पडद्यांजवळ मारावा आणि तो तारेवर न दाबता तत्काळ परत यावा. हालचाल मनगटातून व्हावी, खांद्यातून नव्हे.

गुरू, वाद्य आणि पावसाळा

गोव्यात कला अकादमीच्या पाश्चात्त्य संगीत विभागामुळे स्वरलिपीचे शिक्षण उपलब्ध आहे. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ‘रॉक अँड पॉप’ परीक्षांत बास हा स्वतंत्र विषय आहे. परंतु बासचा गुरू सर्वत्र मिळत नाही. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यातले मनावर घ्या. धार आणि देवास या पवारांच्या संस्थानांमुळे त्या मुलखात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहिली, आणि देवासला कुमार गंधर्वांनी आयुष्याचा मोठा काळ व्यतीत केला. मनावरसारख्या गावात बास शिकवणारा सापडणे कठीण; पण होळीपूर्वी त्या परिसरात भरणाऱ्या भगोरिया हाटांत मांदळ आणि ढोल घुमतात, तेव्हा शेकडो पावले एका ठोक्यावर पडतात. लयीचे शिक्षण तेथे कानांवरूनच होते. आपल्याकडे घुमट, शामेळ आणि ढोल-ताशा यांनी तेच केले आहे. ज्याला ढोलकीचा ठेका कळतो, त्याला फंकचा अर्धा भाग आधीच येत असतो.

सुरुवातीला साधा चार तारांचा बास पुरे. गिटारच्या छोट्या अँप्लिफायरवर बास मोठ्या आवाजात वाजवू नये. खर्जाच्या धक्क्याने स्पीकर फाटू शकतो. घरी हेडफोनचा छोटा अँप्लिफायर सोयीचा. गोव्यातील दमट हवेत तारा लवकर गंजतात आणि लाकडी दांडी वाकते. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात, पावसाळ्यात वाद्य सिलिका जेलच्या पुड्यांसह पेटीत ठेवावे आणि दांडीतील लोखंडी सळई, म्हणजे ट्रस रॉड, जाणकाराकडूनच फिरवून घ्यावी.

ओळ हाताला बसली की ती एकट्याने वाजवत राहू नये. शेजारचा ड्रमवादक, ढोलकीवादक किंवा ताशा वाजवणारा गाठावा आणि दहा मिनिटे हीच ओळ न बदलता त्याच्यासोबत वाजवावी. पहिल्या दोन मिनिटांत कंटाळा येतो, पाचव्या मिनिटाला दोघांचा श्वास एक होतो आणि त्यानंतर ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलू लागतो. ट्रॅकला अद्याप जमलेले नाही ते हेच.