जे २३४५-०४४९

सक्रिय केंद्रक असलेली महाकाय सर्पिल दीर्घिका. अंतर सुमारे १०० कोटी प्रकाशवर्षे. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलसंशोधन संस्थेतील जॉयदीप बागची आणि सहकाऱ्यांनी तिचा शोध २०१४ साली ‘अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. नावातले आकडे म्हणजे तिचा आकाशातला पत्ता : विषुवांश २३ तास ४५ मिनिटे, क्रांती दक्षिण ४ अंश ४९ कला.

केंद्रातल्या कृष्णविवराकडे वायू ओढला जातो, तेव्हा त्यातला काही भाग प्रचंड वेगाने दोन विरुद्ध दिशांना झोतांच्या रूपात बाहेर पडतो आणि दूरवर रेडिओलहरींनी उजळलेले ढग तयार होतात. या दीर्घिकेच्या दोन टोकांच्या ढगांमध्ये ५० लाख प्रकाशवर्षांहून अधिक अंतर आहे. आपली आकाशगंगा आणि देवयानी दीर्घिका यांच्यातल्या अंतराच्या दुप्पट. ढगांच्या दोन जोड्या दिसतात, म्हणजे केंद्रक किमान दोनदा पेटले असले पाहिजे.

खरे नवल झोतांचे नाही, ते सर्पिल दीर्घिकेतून निघतात याचे आहे. एवढे मोठे झोत बहुधा लंबवर्तुळाकार दीर्घिकांत सापडतात, आणि त्या दीर्घिकांच्या मोठ्या टकरींतून घडतात. इथे मात्र सर्पिल बाहू शाबूत आहेत, म्हणजे अलीकडच्या काळात मोठी टक्कर झालेली नाही. तबकडीच्या फिरण्याचा वेग सेकंदाला ४०० किलोमीटरहून अधिक आहे. आकाशगंगेत तो सुमारे २२० आहे. टकरींवाचून असे कृष्णविवर कसे पोसले गेले, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

शोधात आयुकाच्या गिरवली येथील दोन मीटर व्यासाच्या दुर्बिणीचा वाटा होता. जगातल्या मोठ्या दुर्बिणींच्या मानाने ती लहानच. म्हणूनच हे काम विशेष मोलाचे वाटते. पुढे २०२१ साली निकोल नेस्वाद्बा आणि सहकाऱ्यांनी चिलीतील ‘आल्मा’ या रेडिओ-दुर्बिणीच्या साहाय्याने पाहिले, की इथे थंड वायूचा मोठा साठा असूनही तारे फार कमी जन्मतात, झोतांमुळे वायू ढवळला जात असावा.

अशीच ‘स्पेका’ ही सर्पिल रेडिओ-दीर्घिका आनंद होता आणि सहकाऱ्यांनी २०११ साली जाहीर केली. तिच्या अभ्यासात नारायणगावाजवळच्या खोडदची ‘जीएमआरटी’ वापरली गेली. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची ही दुर्बीण २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनानिमित्त लोकांना पाहता येते. वाचकांनी ती जरूर पाहावी.