माल बोटीत, पैसा कागदात : १८६५ सालच्या कापसाची गोष्ट



काल दुपारी केळीत ठिबकच्या नळ्या तपासत होतो. तीनचार ठिकाणी उंदरांनी कुरतडलेल्या, त्यात अर्धा दिवस गेला. तेवढ्यात बांधावर गाडी थांबली. निर्यातवाले होते. घड बघितले, फण्या मोजल्या, फोटो काढले. भाव सांगितला तो लोकलपेक्षा क्विंटलमागं तीनशे रुपये चढा. मी म्हणलं, पेमेंट? तर म्हणे, "पंचेचाळीस दिवस भाऊ. कंटेनर भरतो, बोट जाते, तिकडचा पार्टी पैसे टाकतो, की तुमच्या खात्यात."

हेच वाक्य मी मागच्या वर्षी दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं होतं. दोन कटाया दिल्या होत्या. पहिलीचे पैसे आले, दुसरीचे आजपर्यंत नाहीत. फोन केला की एकच उत्तर, तिकडून आले नाहीत. तिकडून म्हणजे कुठून, ते मला माहीत नाही. माझी केळी कोणी खाल्ली तेही माहीत नाही.

काल रात्री झोप लागेना. मग मागे वाचलेली, टिपून ठेवलेली कापसाची जुनी गोष्ट परत काढली. म्हणलं आज पेजवर पिकाचं काही नको, हीच लिहू. लांबलचक आहे, सवडीनं वाचा.

माल बोटीत चढला आणि पैसा हातात आला, याच्या मधे जो काळ जातो तो कोणाच्या डोक्यावर बसायचा, हा प्रश्न आपला नवा नाही. दीडशे वर्षांपूर्वी आपल्याच खानदेश-वऱ्हाडाच्या कापसावरून त्याच्यापायी मुंबई एकदा वर गेली आणि खाली आपटली.

तेव्हा इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला साधारण तीन चतुर्थांश अमेरिकेतून यायचा. १८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि तिकडचा कापूस अडकला. मग गिरणीवाल्यांना आपली आठवण झाली. आपल्या कापसाला ते सरसकट 'सुरत' म्हणायचे, मग तो धुळ्याचा असो की धोलेऱ्याचा. आखूड धाग्याचा, कचरा जास्त, म्हणून नाक मुरडायचे. युद्धाआधी लिव्हरपूलला पौंडाला पाच पेन्सांच्या आसपास विकला जाणारा हा कापूस १८६४ मध्ये वीस पेन्सांवर गेला.

(मालात भेसळही झाली बरं का. सरकी, माती, पाणी, सगळं. इतकी, की मुंबई सरकारला १८६३ साली कापसातल्या लबाडीविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. आज जिनिंगवाला ओलावा मोजायला काटा खुपसतो तेव्हा मला राग येतो, पण त्याचंही घराणं जुनं आहे.)

आता पैसा कसा फिरायचा ते बघा, कारण खरी गंमत तिथंच आहे.

शेतकऱ्याच्या दारात यायचा सावकार नाहीतर दलाल. बऱ्याचदा पीक उभं असतानाच उचल देऊन माल बांधलेला असायचा. तिथून बैलगाड्यांनी घाट उतरून मुंबई. रेल्वे हळूहळू वर चढत होती, पण थळ घाटाचा मार्ग १८६५ ला खुला झाला आणि नागपूरला गाडी पोचली ती १८६७ ला. म्हणजे तेजीच्या ऐन वर्षांत बराचसा कापूस बैलांनीच ओढला. कुलाब्याला तो प्रेसमध्ये दाबून गाठी व्हायच्या. भाव लागायचा खंडीवर, ७८४ पौंडांची खंडी. आज बातम्यांत रुईचा भाव ३५६ किलोच्या खंडीत सांगतात ना, ती हीच. बाकी सगळं बदललं, माप राहिलं.

गाठी बोटीत चढल्या की कप्तान पावती द्यायचा, माल मिळाल्याची. ही पावती ज्याच्या हातात, माल त्याचा. निर्यातदार मग लिव्हरपूल-लंडनच्या पेढीच्या नावानं हुंडी लिहायचा, की अमुक महिन्यांनी अमुक पौंड द्यावेत. हुंडीला पावती आणि विम्याचा कागद जोडायचा आणि तो जुडगा मुंबईतल्या बँकेला विकायचा. बँक आपली कसर कापून लगेच रुपये मोजायची. बोट आफ्रिकेला वळसा घालून जायची, तीन-चार महिने लागायचे. टपाल मात्र आगबोटीनं सुएझवरून महिन्याभरात लंडनला पोचायचं. म्हणजे कापूस अजून समुद्रात हेलकावे खातोय आणि कागद तिकडे पोचून स्वीकारलासुद्धा गेलाय! स्वीकारलेली हुंडी लंडनच्या बाजारात पुन्हा विकली जायची. लिव्हरपूलवाले तर बोट पोचायच्या आधीच माल विकून मोकळे व्हायचे.

आपल्याकडे हे काही परकं नव्हतं. दर्शनी हुंडी, मुदती हुंडी, शहाजोग हुंडी, हे सगळं पेढीवाल्यांना पाठ होतं. एक तर जोखमी हुंडी असायची. त्यात माल बंदराला सुखरूप लागला तरच पैसे द्यायचे, बोट बुडाली तर हुंडी बुडाली. म्हणजे कर्ज आणि विमा एकाच कागदावर. ज्यानं पैसे गुंतवले त्यानं समुद्राची जोखीम डोळे उघडे ठेवून घेतली आणि त्याची किंमत आधीच कापून घेतली. मला हा कागद फार आवडला. जोखीम कोणाची, ते त्यावर लिहिलेलं असायचं.

परदेशी हुंड्यांचा धंदा ज्या बँका करायच्या त्यांना एक्स्चेंज बँका म्हणत. सरकारी छत्राखालच्या बँक ऑफ बॉम्बेसारख्या बँकांना परदेशी चलनाच्या व्यवहाराची मुभाच नव्हती. त्यामुळं हे कुरण लंडनच्या सनदी बँकांकडे गेलं. चार्टर्ड बँकेला १८५३ ला सनद मिळाली, १८५८ ला ती मुंबई, कलकत्ता, शांघायला आली. ओरिएंटल बँक तर मूळची मुंबईचीच, १८४२ ची, पुढं कचेरी लंडनला हलवली. मुंबई ते चीन हा रस्ता या लोकांच्या आधीपासून मळलेला होता. जमशेटजी जीजीभाईंच्या पिढीनं कापूस आणि माळव्याची अफू कँटनला विकली, तिथला पैसा लंडनवरच्या हुंड्यांतून फिरला. अफूच्या पैशाबद्दल अभिमान बाळगावा असं काही नाही, पण आशियातल्या निर्यातीच्या कर्जाची गाडी त्याच चाकोरीतून पुढं गेली, हेही खरं.

आणि एक गोष्ट वाचून मी उठून बसलो होतो. १८६४ च्या जुलैत हाँगकाँगला बातमी पोचली की मुंबईचे पैसेवाले 'बँक ऑफ चायना' नावाची बँक काढताहेत (आजच्या त्या नावाच्या बँकेशी तिचा संबंध नाही) आणि हाँगकाँगच्या व्यापाऱ्यांना त्यात अगदी थोडे शेअर मिळणार. तिथं पी अँड ओ आगबोट कंपनीचा थॉमस सदरलँड म्हणून माणूस होता. त्यानं घाईघाईनं तिथल्याच व्यापाऱ्यांना धरून स्वतःची बँक उभी केली. समितीत पारशी होते, ससून घराण्यातला माणूस होता. मार्च १८६५ ला ती उघडली. हाँगकाँग अँड शांघाय बँक, म्हणजे आपली एचएसबीसी. मुंबईची ती योजना टिकली नाही. म्हणजे एवढी मोठी बँक जन्मली ती आपल्या कापसाच्या तेजीला घाबरून! आमच्या पणजोबाच्या बापाला हे कोणी सांगितलं असतं तर त्यानं चिलीम बाजूला ठेवली असती.

त्या चार-पाच वर्षांत मुंबईत नेहमीपेक्षा सात-आठ कोटी पौंड जास्त आले असा अंदाज सांगतात. एवढा पैसा जिरवायचा कुठं? बँका निघाल्या, फायनान्स कंपन्या निघाल्या, समुद्र बुजवून जमीन करायच्या कंपन्या निघाल्या. बॅकबेच्या कंपनीचा पाच हजार भरलेला शेअर पन्नास हजारांच्या आसपास गेला. प्रेमचंद रायचंद हा या सगळ्याचा राजा. त्यानं विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख दिले. आईच्या नावाचा तो राजाबाई टॉवर तुम्ही हायकोर्टाच्या कामाला गेला असाल तर बघितला असेलच. बँक ऑफ बॉम्बेला १८६३ मध्ये शेअरच्या तारणावर कर्ज द्यायची मोकळीक मिळाली आणि तिनं हात सैल सोडला.

इकडं वऱ्हाडात शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या अशा कथा सांगतात. एखाद्यानं बसवल्याही असतील. पण कथा सांगणाऱ्यांत गोरे साहेब जास्त, हे लक्षात ठेवा. शेतकऱ्याकडं चार पैसे आले की ते सगळ्यांच्या डोळ्यांत येतात, तेव्हाही आणि आताही.

९ एप्रिल १८६५ ला अमेरिकेत दक्षिणेचा सेनापती ली शरण गेला. भाव आधीच डळमळत होता, आता बसला. ज्या कापसावर चढ्या भावानं हुंड्या लिहिल्या होत्या तो अजून समुद्रातच होता. तिकडच्या पेढ्या म्हणाल्या, मालाचे एवढे येणारच नाहीत, आम्ही कशाला भरू? हुंड्या नकारून परत यायला लागल्या. मुंबईत शेअरच्या वायद्यांची तारीख होती १ जुलै १८६५. त्या दिवशी कोणीच कोणाला देऊ शकलं नाही. बॅकबेचा शेअर दोन हजारांच्याही खाली गेला. पुढच्या वर्षी १० मे ला लंडनची ओव्हरएंड गर्नी ही पेढी बुडाली. लांबवरच्या हुंड्यांना टेकू देणाऱ्या मोठ्या पेढ्यांतली ती एक. तिच्यामागं आपल्या इकडच्या व्यापारातल्या एशियाटिक, कमर्शियल अशा बँका गेल्या. बँक ऑफ बॉम्बेचं जवळजवळ सगळं भांडवल संपलं, १८६८ ला ती मोडून नवी काढावी लागली. (तीच पुढं इम्पीरियल बँकेत आणि मग स्टेट बँकेत आली. तुमचं पीककर्ज जिथं आहे ती.)

हे सगळं मुंबई-लंडनचं झालं. पण या साखळीचं खालचं टोक कुठं होतं? हुंडीवर निर्यातदाराचं नाव, पेढीचं नाव, बँकेचं नाव, कप्तानाचंसुद्धा. कापूस पिकवणाऱ्याचं नाव नाही. त्याचं नाव होतं दुसऱ्याच कागदावर, सावकाराच्या खतावर. वरची हुंडी नाकारली की निर्यातदार दलालाकडे वसुली लावतो, दलाल सावकाराकडे, सावकार खत घेऊन दारात. तेजीत भाव चढले म्हणून इंदापूरकडं १८६७ ला नवीन पाहणीत शेतसारा वाढवला, आणि भाव उतरल्यावर तो काही लगेच उतरला नाही. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याला बाजाराच्या दिवशी लोक सावकारांच्या दुकानांवर गेले आणि खतं जाळली. ते लोण नगर जिल्ह्यात गेलं. सगळा दोष कापसाच्या मंदीवर टाकता येणार नाही, तो मुलूख मुळात ज्वारी-बाजरीचा, आणि सावकारीची दुखणी जुनी. पण जाळलं काय ते बघा. फार ठिकाणी माणसाला हात लावला नाही, कागद जाळला. कुठला कागद गळ्याला लागलाय हे त्यांना नीट कळलं होतं. सरकारनं चौकशी नेमली, १८७९ ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला.

आता आजचं. निर्यातदाराला परदेशी ऑर्डर दाखवली की बँक माल गोळा करायलाच स्वस्तातलं कर्ज देते, रिझर्व्ह बँकेची ही सोय १९६७ पासूनची. तिकडच्यानं पैसे बुडवले तर विमा आहे, १९५७ ला सुरू झालेलं महामंडळ, आता त्याचं नाव ईसीजीसी. चांगल्याच गोष्टी आहेत, त्या नसत्या तर आपली द्राक्षं, केळी बाहेर गेलीच नसती. पण विमा घेतलेला असला तरी तो निर्यातदाराचा. कर्ज त्याचं. आणि ज्या मालाच्या नावानं बँकेनं आधीच पैसे सोडले असतील, त्याच मालासाठी मी पंचेचाळीस दिवस उधार थांबतो. म्हणजे मीही एक बँकच झालो की, फक्त बिनव्याजी आणि बिनकागदाची.

मागच्या वर्षी माझ्याकडं होतं काय? वजनाच्या चिठ्ठ्या आणि व्हॉट्सअॅपवरचा अंगठा. चूक माझीही आहे.

आज सकाळी त्या माणसाला फोन केला. म्हणलं, अर्धा माल लोकलला देतो, रोखीनं. उरलेल्या अर्ध्याचं स्टँपवर लिहून द्या, तीस टक्के काटा झाल्यावर तिथंच, आणि कंटेनर लागला की बोटीच्या पावतीची प्रत मला द्यायची. तुमच्याकडं विमा आहे का तेही सांगा.

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बोटीची पावती आजपर्यंत कोणत्याच शेतकऱ्यानं मागितली नाही भाऊ. शेठला विचारून सांगतो."

शुक्रवारपर्यंत वाट बघतो. तोवर ठिबकच्या नळ्या बदलून घेतो. उंदरांवर कोणाकडं खात्रीचा उपाय असेल तर खाली लिहा.