आदिवासी घरातील मारहाण आणि तिचा इतिहास

श्रोतेहो, नवऱ्याने बायकोवर हात टाकण्याचा प्रकार आपल्या सुशिक्षित वस्तीत दार लावून घेऊन होतो आणि डोंगरातल्या वाडीत तो उघड्या अंगणात होतो. एवढ्या एका फरकावरून आपण असा निष्कर्ष काढून मोकळे झालो आहो की, आदिवासी पुरुष मुळातच दांडगा, दारूबाज आणि बायकोला मारणारा. हा निष्कर्ष कितपत खरा आहे, याचा विचार आज आपल्याला अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या आधाराने करावयाचा आहे. या तालुक्याच्या पश्चिमेस हरिश्चंद्रगड, रतनगड आणि कळसूबाई यांच्या परिसरात महादेव कोळी आणि ठाकर यांची वस्ती पिढ्यान् पिढ्या आहे.

प्रथम एक आकडा ध्यानात घ्यावा. २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तीत महाराष्ट्रातील १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी शेकडा सुमारे २५ जणींनी नवऱ्याचा अत्याचार सोसल्याचे सांगितले. सबंध देशात हे प्रमाण शेकडा २९ च्या आसपास होते. या आकड्यांत सर्व जातिधर्मांच्या, शहरांतल्या व खेड्यांतल्या बायका आहेत. तेव्हा हा रोग अमुक एका जमातीचा नव्हे, हे उघड आहे. मात्र रोग एकच असला तरी तो प्रत्येक घरात वेगळ्या वाटेने शिरतो, आणि ती वाट शोधणे हे इतिहासाचे काम होय.

जुन्या डोंगरी समाजाचे चित्र रंगवताना काही मंडळी तेथे स्त्री-पुरुष समता नांदत होती असे म्हणतात. कॅप्टन मॅकिंटॉश या इंग्रज अधिकाऱ्याने महादेव कोळ्यांविषयी १८३६ च्या सुमारास एक विस्तृत निबंध लिहिला. त्यात गोतरनी नावाच्या त्यांच्या न्यायसभेचे वर्णन आहे. रगतवान हा तिचा प्रमुख, मेटल त्याचा दुय्यम. शिवाय हाडक्या आणि मडक्या असेही मानकरी असत. जातीचा नियम मोडणाऱ्याची येथे चौकशी होई आणि त्याला वाळीतही टाकीत. न्यायाची अशी व्यवस्था समाजापाशी होती, हे मोठेच. परंतु ती पुरुषांची पंचायत होती, हेही विसरता येत नाही.

लग्नाची चालही दुधारी होती. वरपक्षाने वधूच्या बापाला देज द्यावयाचे, अशी रीत होती. म्हणजे मुलगी हे ओझे नसून तिच्या कष्टाला मोल आहे, हे समाजाला मान्य होते. पाट लावून विधवेला पुन्हा संसार थाटता येई. ज्या घराण्यांत विधवेचे केशवपन होत होते, त्यांनी या रीतीला रानटी म्हणावे, हे नवलच! पण याच देजाच्या आधारावर नवऱ्याला असेही म्हणता येई की, हिचे मोल मी मोजले आहे. आपल्याकडे हुंडा घेऊन मारतात. तेथे देज देऊन मारण्याचा हक्क सांगता येतो. मार दोन्हीकडे सारखाच.

पुढे इंग्रजी अंमल आला. सावकाराच्या कर्जात जमिनी गुंतू लागल्या, आणि १८४० नंतरच्या दशकात देवगावच्या राघोजी भांगरे यांनी सावकारशाही व सरकार यांविरुद्ध बंड उभारले. १८४८ च्या जानेवारीत ते पंढरपुरात पकडले गेले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. राघोजी कोठे आहे ते सांग, म्हणून शिपायांनी त्यांच्या आईला मारहाण केली, असे या भागात आजही सांगतात. पोलीस म्हणजे आपल्या बायामाणसांवर हात टाकणारे, ही समजूत डोंगरात किती जुनी आहे, हे यावरून कळते.

१८७८ साली दोन कायदे आले. वनकायद्याने रानावर पहारा बसवला आणि मुंबई इलाख्याच्या अबकारी कायद्याने दारू गाळण्यावर सरकारी परवान्याचे बंधन घट्ट केले. मोहाची दारू पूर्वी घरच्या फुलांची, देवकार्यापुरती वा लग्नापुरती गाळली जाई. ती आता ठेकेदाराच्या दुकानात रोख पैशाने किंवा उधारीवर मिळू लागली. उधारी चढली की दाण्याची कणगी रिकामी होते. कणगी रिकामी झाली की चुलीपाशी भांडण पेटते. पुढे १९४९ चा दारूबंदीचा कायदा झाला. पण चोरट्या भट्ट्या काही विझल्या नाहीत.

परंतु श्रोतेहो, इतिहासाची ही फिर्याद मारणाऱ्याच्या हाती वकीलपत्र म्हणून देता येत नाही. सावकाराने नवरा-बायको दोघांनाही नाडले; रान दोघांचेही गेले; मार मात्र एकीनेच खाल्ला. हा भेद पुस्तकी पंडितांच्या आधी आदिवासी बायकांनीच ओळखला. त्याचे उदाहरण अकोल्याहून उत्तरेस, तेव्हाच्या धुळे व आताच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहादे येथे सापडते. १९७२ च्या दुष्काळात तेथे श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती हे तेथील भिल्ल शेतमजुरांचे पुढारी. जमिनी परत मिळाव्यात, मजुरी वाढावी, म्हणून बायका पुरुषांच्या खांद्याला खांदा लावून लढल्या. पण शिबिरांतून एकत्र बसून बोलू लागल्यावर घराघरातले दुःख बाहेर आले. मग बायकांचे जथे गावोगाव हिंडून दारूचे माठ फोडू लागले. एखादीने नवरा मारतो असे सांगितले की साऱ्या जमत आणि त्याला चारचौघांत बायकोची माफी मागावयास लावीत. जमीनदाराशी लढा आणि नवऱ्याला जाब, यांत त्यांना विसंगती वाटली नाही.

कायदा त्यानंतर आला. १९८३ साली विवाहितेच्या छळाचे कलम ४९८-अ दंडसंहितेत घातले गेले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या ८५ व ८६ या कलमांनी घेतली आहे. मात्र ज्या स्त्रीच्या आजीने पोलिसांचे भय सांगितले, ती आपल्या घरच्या माणसाला पोलिसांच्या हवाली करण्यास कचरते. यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा तिला अधिक जवळचा आहे. नवऱ्याला तुरुंगात न घालताही त्यान्वये तिला संरक्षण, घरात राहण्याचा हक्क आणि पोटगी मागता येते. १९५५ चा हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना सहसा लागू नसतो, त्यांचे विवाह रूढीने होतात. पण या कायद्याला विवाहाच्या स्वरूपाचे नातेही पुरते.

दुसरा आधार जमिनीचा. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे विवाहितांना मिळणारा हक्क पती व पत्नी या दोघांच्या नावे नोंदला गेला पाहिजे. घराबाहेर काढलेल्या स्त्रीला पाय टेकावयास स्वतःच्या नावाची जमीन असणे, याहून मोठे संरक्षण कोणते? आणि दारूचा प्रश्न १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेच्या अधिकारात आणला आहे. अकोल्यातील पुष्कळ गावे या क्षेत्रात येतात. जुन्या पंचायतीत स्त्रीला जागा नव्हती. या ग्रामसभेत गावची प्रत्येक मतदार स्त्री सभासद आहे.

यात आपण शहरवासीयांनी काय करावे? डोंगरातून उतरून आलेली एखादी बाई आपल्या घरी कामाला असते, एखादी शेजारच्या बांधकामावर पाट्या वाहते. तिच्या अंगावर वळ दिसले तर ‘तुमच्यात असेच चालायचे’ असे म्हणून तोंड फिरवू नये. १८१ या महिला मदतवाहिनीचा क्रमांक तिला लिहून द्यावा, जिल्ह्यात संरक्षण अधिकारी नेमलेला असतो हे सांगावे, आणि त्याआधी तिला एवढेच विचारावे की, आज रात्री तू कोठे राहणार आहेस?