न सापडलेला ग्रह

प्रोग्राम चालतो, पण उत्तर किंचित चुकतं. मग दोन शक्यता उरतात. एक तर दिलेली माहिती अपुरी आहे, नाहीतर सूत्रातच गडबड आहे. उर्बां ल व्हेरिए या फ्रेंच गणितज्ञापुढे हा पेच दोनदा आला.

पहिल्यांदा युरेनसमुळे. ग्रह सूर्याभोवती फिरतो म्हणजे खरं तर तो सतत सूर्याकडे पडत असतो. पण आडवा वेग इतका असतो, की त्याचा नेम कायम चुकतो. एकटा सूर्य असता, तर न्यूटनच्या नियमाप्रमाणे कक्षा म्हणजे एकच ठरलेलं लंबवर्तुळ राहिलं असतं. पण बाकीचे ग्रहही थोडं थोडं ओढत असतात. गुरू-शनीची ओढ धरूनही युरेनसचा हिशेब जुळेना. ल व्हेरिएने गणित उलटं केलं: ओढणारं आणखी कोणी असेल, तर ते कुठे असायला हवं? उत्तराचं पत्र २३ सप्टेंबर १८४६ला बर्लिनच्या वेधशाळेत पोचलं. त्याच रात्री योहान गालेला नेपच्यून दिसला, सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत!

दुसऱ्यांदा बुधामुळे. बुधाचं लंबवर्तुळ स्वतःच सावकाश वळत जातं. इतर ग्रहांची ओढ वजा केली, तरी थोडं वळण शिल्लक राहत होतं. १८५९मध्ये ल व्हेरिएने ते शतकाला ३८ विकला असल्याचं सांगितलं. आज आपण ४३ मानतो. एका अंशात ३,६०० विकला असतात. म्हणजे एका अंशाचा फरक पडायला आठ हजारांहून जास्त वर्षं लागतील. एवढ्याशा फरकाकडे काणाडोळा करता आला असता. त्याने केला नाही.

उत्तर मात्र जुनंच काढलं: बुधाच्या आत आणखी एक ग्रह असणार. लेस्कार्बो नावाच्या खेड्यातल्या डॉक्टरने सूर्यबिंबावरून सरकणारा ठिपका पाहिल्याचं कळवलं. ल व्हेरिए स्वतः त्याच्या घरी जाऊन आला आणि त्याची खात्री पटली. ग्रहाचं नावही ठरलं, व्हल्कन. पुढे अनेकांनी तो ग्रहणांमध्ये शोधला. काहींना दिसल्यासारखा वाटला, पण पक्का कधीच सापडला नाही. ल व्हेरिए १८७७ साली गेला. तारीख होती २३ सप्टेंबर, नेपच्यून सापडला त्याच दिवसाची.

या वेळी गडबड सूत्रात होती. नोव्हेंबर १९१५मध्ये आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षण म्हणजे वाकलेलं अवकाश-काळ असं धरून बुधाची कक्षा मांडली. सूर्याच्या इतक्या जवळ न्यूटनचा नियम किंचित कमी पडतो. किती? शतकाला ४३ विकला. नवा ग्रह लागलाच नाही.

ल व्हेरिएच्या हातात दोन्ही वेळा एकच पद्धत होती, आणि पेच नेमका कुठला आहे, हे आकड्यांकडे बघून कळणार नव्हतं. एकदा जिंकून देणाऱ्या उत्तरावरचा विश्वास त्याला नडला. पण तो उरलेला फरक त्याने किरकोळ म्हणून पुसला नाही. छप्पन्न वर्षांनी आइन्स्टाइनला आपला सिद्धांत ताडून बघायला तोच उपयोगी पडला.