एका मेंदूदाहाची कुळकथा

मेंदूला सूज म्हटली की आपल्याला मेंदूज्वर आठवतो. ताप, झटके, बेशुद्धी. या दुखण्याची चाल वेगळी. चार दिवस डोकं दुखतं, कणकण वाटते, आणि मग चांगली धडधाकट मुलगी रात्र रात्र जागू लागते, असंबद्ध बोलते, घरचेच आपल्यावर पाळत ठेवतात म्हणते. घरचे तिला मनोविकारतज्ज्ञाकडे नेतात. त्यांचं यात काहीच चुकत नाही.

२००५ मध्ये फिलाडेल्फियात जोसेप दालमाऊ आणि सहकाऱ्यांनी अशा चार स्त्रियांची हकीकत मांडली. भ्रम, विस्मरण, मंदावलेला श्वास, आणि चौघींनाही अंडाशयात टेराटोमा. ही गाठ अजबच. तिच्यात केस, दात, कधी चेतापेशीसुद्धा सापडतात. चौघींच्या शरीरातली प्रतिपिंडं उंदराच्या मेंदूवर तपासली, तर ती आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसला जाऊन चिकटली. नेमकं लक्ष्य २००७ मध्ये कळलं, चेतापेशीवरचा संदेश टिपणारा एनएमडीए रिसेप्टर, आणि त्यावरूनच आजाराला नाव मिळालं. गाठीतल्या चेतापेशींविरुद्ध शरीर प्रतिपिंडं तयार करतं आणि ती मेंदूतले तेच रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावरून नाहीसे करतात. पेशी मात्र बहुधा जिवंत राहते. मला या साऱ्या कथेतला सर्वांत मोठा दिलासा इथे दिसतो: रिसेप्टर परत येऊ शकतात, माणूसही.

पुढच्याच वर्षी १०० रुग्णांचा अभ्यास आला. त्यात ९१ स्त्रिया होत्या, पण गाठ सगळ्यांना नव्हती.

२००९ मध्ये न्यूयॉर्कमधली तरुण पत्रकार सुझना कहालन अशीच भ्रमिष्ट झाली होती. डॉ. सुहेल नज्जार यांनी तिच्यापुढे कागद ठेवला आणि घड्याळ काढायला सांगितलं. तिनं गोल काढला, आकडे लिहिले. १ ते १२ सगळे उजव्या अर्ध्यात दाटीनं बसले, डावा अर्धा कोरा. डावीकडचं भान मेंदूची उजवी बाजू ठेवते; तिथे सूज आहे, हे त्या कोऱ्या जागेनं सांगितलं. उपचारांनी ती बरी झाली आणि आपल्या आजारावर तिनं पुस्तक लिहिलं.

२०१६ मध्ये निदानाचे निकष ठरले, २०२० मध्ये खास मनोविकारांच्या अंगानंही. झपाट्यानं वाढलेला भ्रम, झटके, तोंडाचे विचित्र चाळे, पुतळ्यासारखं ताठरणं, मनोविकाराच्या औषधानं अंग आखडणं, असं काही दिसलं तर थांबून विचार करायचा. एमआरआय पुष्कळदा निर्दोष येतो, रक्तातही प्रतिपिंडं चुकू शकतात. म्हणून पाठीतलं पाणी काढावं लागतं. त्या सुईला नातेवाईक घाबरतात. तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्याजवळ बसून, ती कशासाठी, हे सावकाश सांगायला हवं.