बिनपगारी उमेदवारीचा वारसा

पदरमोड करून पत्र चालवणं हा मराठी पत्रकारितेचा जुना शिरस्ता. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ १८३२ साली निघालं नि १८४० मध्ये बंद पडलं. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात ‘दीनबंधु’ काढलं. पुढे ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत चालवलं. १८८१ मध्ये ‘केसरी’ सुरू झाला. छापखान्याच्या खिळ्यांच्या पेट्या टिळक-आगरकरांनी स्वतः वाहून नेल्या, असं सांगतात. पुढच्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणातल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले.

पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात हा इतिहास आम्हाला परीक्षेपुरता शिकवला, नि इंटर्नशिपला पाठवताना पुन्हा ऐकवला. “पैसे मिळणार नाहीत, आगरकरांनी कुठे पाहिले होते?” सर म्हणाले. मी मुंबईतल्या एका वृत्तवाहिनीत रुजू झाले. मंत्र्यांचे बाइट ऐकून टाइमकोडसकट शब्दन् शब्द उतरवायचे, चर्चेच्या पाहुण्यांना फोन लावायचे, रात्रीच्या बुलेटिनसाठी जुनं फुटेज हुडकायचं. शिकायला मिळालं, हे नाकारत नाही. पण मी नसते तर तेच काम डेस्कवरच्या पगारी माणसाला करावं लागलं असतं. डोंबिवलीत आत्याचं घर होतं म्हणून लोकलचा पास आणि दुपारच्या जेवणावर माझं भागलं. परभणीच्या माझ्या मैत्रिणीचं मुंबईत कुणीच नव्हतं. तिने गावाकडच्या साप्ताहिकातून प्रमाणपत्र आणलं. वाहिनीचं दार तिला उघडलंच नाही.

म्हणून आगरकरांचा दाखला मला पटत नाही. त्यांनी झीज सोसली ती स्वतःच्या मतांसाठी. ‘केसरी’त जमेना तेव्हा बाहेर पडून १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. स्वतःच्या पत्रासाठी अर्धपोटी राहणं वेगळं आणि दुसऱ्याच्या धंद्यात फुकट राबणं वेगळं.

शिवाय याच परंपरेत लोखंडेही आहेत. संपादक असतानाच त्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवून दिली. पत्रकारांच्या स्वतःच्या हक्कांचा कायदा त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९५५ साली आला. मग पालेकर, बछावत, मणिसाना, मजीठिया असे वेतन निवाडे झाले. पण ते वर्तमानपत्रांत नोकरीला असलेल्यांसाठी. वाहिनीतली विद्यार्थिनी त्यांत कुठेच बसत नव्हती. १९६१ च्या कायद्याने कारखान्यातल्या शिकाऊ फिटरला विद्यावेतन द्यावं लागतं; बातमी शिकणाऱ्याला मात्र बहुधा प्रमाणपत्रावरच समाधान मानावं लागतं.

याचा परिणाम उघड आहे. ज्यांचं मुंबई-पुण्यात घर आहे, तेच या धंद्यात टिकतात आणि मग मराठवाड्याच्या बातम्याही तेच लिहितात. निदान प्रवास आणि जेवणाचा खर्च जिथे मिळत नाही, तिथे कॉलेजांनी विद्यार्थी पाठवू नयेत. आणि आगरकर शिकवताना लोखंडेही शिकवावेत.